कोल्हापूरची त्रिस्थळी आणि आमचे अहवाल

मराठी विभागाच्या अभ्याससहलीचा अहवाल हा आजच्या मराठी गद्यातला सर्वांत निष्प्राण प्रकार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शासकीय परिपत्रकालाही निदान एक हेतू असतो; कोणाला तरी काही करायला लावायचे असते किंवा करू द्यायचे नसते. सहलीच्या अहवालाला तेवढेही भाग्य लाभलेले नाही. तो फाइलीत लावण्यासाठी लिहिला जातो, मूल्यांकन समितीपुढे फाइल जाडजूड दिसावी म्हणून सांभाळला जातो आणि समिती परतल्यावर कपाटाच्या खालच्या कप्प्यात जाऊन पडतो. अशा अहवालांवर लेख लिहावा इतके त्यांचे महत्त्व काय, असे कोणी विचारील. महत्त्व एवढेच की, साहित्याच्या विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेल्या गोष्टीविषयी स्वतःच्या शब्दांत लिहावे अशी अपेक्षा पदवीच्या तीन-चार वर्षांत जवळजवळ फक्त इथेच केली जाते. आणि नेमक्या त्याच ठिकाणी तो स्वतःचे डोळे आणि स्वतःचे शब्द बाजूला काढून ठेवतो. त्याला तसे शिकवले गेले आहे.

कळंबोली-पनवेलच्या परिसरात मराठी शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना या प्रकाराचा नमुना म्हणून कोल्हापूरची सहल चांगली परिचयाची आहे. रात्री कळंबोलीच्या सर्कलवरून बस निघते, उजाडताना पंचगंगा येते. मग पहिल्या दिवशी नवा राजवाडा, अंबाबाईचे दर्शन, संध्याकाळी रंकाळा. दुसऱ्या दिवशी दाजीपूरचे अभयारण्य, वेळ उरला तर पन्हाळा. परतल्यावर आठ दिवसांत अहवाल. कोणत्याही महाविद्यालयाचा कोणत्याही वर्षीचा अहवाल उघडा, त्यात तीन विशेषणे ठरलेल्या जागी बसलेली आढळतील : राजवाडा भव्य, देवस्थान जागृत आणि अभयारण्य निसर्गरम्य. ही तीन विशेषणे विद्यार्थ्यांनी शोधलेली नाहीत. ती सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकातून, वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांतून आणि (हे सांगणे अप्रिय असले तरी) आमच्याच व्यवसायबंधूंच्या प्रवासलेखांतून आली आहेत.

आमचा आक्षेप केवळ शब्दांच्या गुळगुळीतपणावर नाही. तो असता तर चार प्रतिशब्द सुचवून विषय संपवता आला असता. आमचे म्हणणे असे की, ही विशेषणे एक काम करतात आणि ते काम लपवण्याचे आहे. राजवाडा, देऊळ आणि रान ही तीन वेगवेगळी ‘स्थळे’ आहेत, त्यांना जोडणारा धागा म्हणजे फक्त आपली बस, असा भास ती निर्माण करतात. वस्तुतः कोल्हापुरात ही तीन प्रकरणे एकाच ग्रंथाची आहेत, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला एखादे प्रकरण सुटे वाचता येत नाही हे कळायला हवे.

राजवाड्यापासून सुरुवात करू. नवा राजवाडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार बांधला गेला आणि १८८४ मध्ये पुरा झाला. त्याच्या खालच्या मजल्यावरच्या शाहू संग्रहालयात शस्त्रे आहेत, पोशाख आहेत आणि पेंढा भरलेली जनावरे आहेत. म्हणजे दुसऱ्या दिवशी जे वन्यजीवन पाहायला आपण ऐंशी किलोमीटर जातो, ते पहिल्या दिवशी सकाळीच काचेच्या डोळ्यांनी आपल्याकडे पाहत असते. आमच्या वाचनात आलेल्या एकाही अहवालाने या दोन गोष्टींची सांगड घातलेली नाही. वाघ राजवाड्यात ‘वैभव’ या सदरात मोडतो आणि गवा दाजीपुरात ‘निसर्ग’ या सदरात. त्या वाघाला रानातून उठवायला किती हाकारे लागले, ते कोणत्या गावचे, त्या दिवशी त्यांच्या शेतातली कामे कोणी केली, हे प्रश्न दोन्ही सदरांत बसत नाहीत, म्हणून ते पडतच नाहीत.

कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळले जात आणि त्यांच्याकरवी काळविटांची शिकार केली जाई. देशातले चित्ते दुर्मीळ झाले तेव्हा आफ्रिकेतून ते आणवले गेले. त्यांची निगा राखणारे चित्तेवान हा कोल्हापुरातला एक वेगळा कसबी वर्ग होता. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीवर बसवून माळावर न्यायचा, कळपाच्या जवळ पोहोचताच टोपी काढायची, शिकार होताच त्याला त्याचा वाटा देऊन पुन्हा बांधायचा, असे ते शास्त्र. १९४७ मध्ये कोरियाच्या महाराजांनी या देशातले शेवटचे म्हणून ओळखले जाणारे तीन चित्ते मारले, १९५२ मध्ये हा प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आणले गेले. त्या वेळी वर्तमानपत्रे चित्त्यांनी भरून गेली होती. आफ्रिकेचा चित्ता भारतात आणण्याचा उद्योग आपल्याच मराठी मुलखातल्या एका राजधानीने पूर्वी केला होता, ही गोष्ट एखाद्या सहल-अहवालाचा कणा होऊ शकली असती. हत्तींच्या झुंजी जिथे होत ती साठमारी तर कोल्हापुरात आजही पाहता येते. पण ती बहुधा ‘प्रेक्षणीय स्थळां’च्या यादीत नसते, कारण तिला भव्य म्हणता येत नाही आणि निसर्गरम्यही म्हणता येत नाही.

याच संस्थानाच्या कागदपत्रांत शिकारीचे दुसरेही एक प्रकरण आहे. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. त्यांत पुढे फासेपारधीही आले. राजाने केलेली शिकार हा शौक आणि पारध्याने केलेली शिकार हा त्याच्या गुन्हेगारीचा पुरावा, असा हा न्याय. शाहू महाराज स्वतः निष्णात शिकारी होते. पण पारध्यांना नोकऱ्या देणारे आणि १९१८ मध्ये अशा जमातींची रोजची हजेरी बंद करणारेही तेच. एकाच माणसात राहणारे हे दोन प्रवाह समजून घ्यायला कादंबरी वाचणाऱ्याची बुद्धी लागते. आमचे विद्यार्थी वर्गात पात्राच्या ‘व्यामिश्रते’वर पानभर उत्तर लिहितात आणि कोल्हापुरात पोहोचताच त्याच माणसाला ‘थोर समाजसुधारक’ या दोन शब्दांत गुंडाळून पुढच्या दालनात जातात.

सरकारी पागेत गंगाराम कांबळे हे नोकर होते. सवर्ण नोकरांसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना बेदम मार खावा लागला. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले, गंगारामांना स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले, त्यांनी चहाचे हॉटेल काढले आणि महाराज तिथे जाऊन चहा पिऊ लागले, एवढी कथा पुष्कळांना ठाऊक आहे. तिचा उत्तरार्ध सर्वांना आवडतो, कारण त्यात महाराज आहेत आणि चहा आहे. पूर्वार्ध मात्र राजवाड्याच्या वर्णनातून हटकून गळतो. तो हौद राजसत्तेच्याच आवारातला होता. महाराजांची १९०२ ची राखीव जागांची आज्ञा निघून तोवर बरीच वर्षे लोटली होती, तरी खाली पागेत पाण्याची वाटणी जुन्याच नियमाने चालू होती. राजवाडा वाचायचा तर मनोऱ्यावरच्या घड्याळापासून पागेतल्या हौदापर्यंत वाचायला हवा. ‘भव्य’ या शब्दाने मान फक्त वर जाते.

आता देऊळ. अंबाबाईच्या मंदिराविषयी लिहिताना आमचे विद्यार्थी किरणोत्सवावर हमखास थांबतात. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत येऊन मूर्तीपर्यंत पोहोचतात, हे खरोखरच विलक्षण आहे आणि त्यावर लिहिले गेले पाहिजे. पण किरणांच्या त्या वाटेत आधुनिक शहराच्या इमारती आल्या, त्यांचे अडथळे मोजावे लागले, काढावे लागले, ही याच उत्सवाची अलीकडची हकिकत कोणी लिहीत नाही. जणू मंदिर एका काळी बांधून झाले आणि तेव्हापासून काळ बाहेर चपला काढून उभा आहे!

प्रत्यक्षात या देवळाइतका गजबजलेला इतिहास राजवाड्यालाही नसेल. मोगली आक्रमणाच्या धामधुमीत लपवलेली मूर्ती १७१५ मध्ये पुन्हा स्थापन झाली. पंचगंगेच्या घाटावर १८९९ मध्ये छत्रपतींच्या स्नानाच्या वेळी पुराणोक्त मंत्र म्हटले गेले आणि त्यातून पेटलेल्या वेदोक्त प्रकरणाने पुढच्या दोन पिढ्यांचे महाराष्ट्रातले राजकारण ढवळून काढले. एप्रिल २०१६ मध्ये स्त्रियांच्या गाभाराप्रवेशावरून याच देवळात धक्काबुक्की झाली. २०१७ मध्ये देवीला घागरा-चोळी नेसवल्यावरून वाद उसळला आणि २०१८ मध्ये इथे पगारी पुजारी नेमण्यासाठी विधिमंडळाला कायदा करावा लागला. मंत्र कोणता म्हणायचा, आत कोणी जायचे, देवीला काय नेसवायचे आणि दक्षिणा कोणी घ्यायची, असे हे चार वाद. भाषा, लिंग, वेश आणि अर्थव्यवहार ही समकालीन समीक्षेची आवडती क्षेत्रे. त्यांवरची परिसंवादाची प्रमाणपत्रे आमच्यापैकी प्रत्येकाच्या फाइलीत असतील. ती सारी एका गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणा घालत असताना आमचा अहवाल म्हणतो, ‘दर्शन घेऊन मन प्रसन्न झाले.’ मन प्रसन्न व्हायला आमची हरकत नाही. श्रद्धेने हात जोडणाऱ्याची थट्टा करण्याचाही हेतू नाही. तसे करणारी एक आळशी पुरोगामी भाषा आहे आणि तीही तितकीच आयती असते. राजन गवस यांची ‘चौंडकं’ ही कादंबरी १९८५ ची. कोल्हापूर जिल्ह्याच्या सीमाभागातल्या जोगतिणीचे जगणे मांडताना तिने देवीविषयीच्या भयाला आणि भक्तीला कुठेही स्वस्त केलेले नाही. ती कादंबरी अभ्यासून कोल्हापूरला जाणारा विद्यार्थी दर्शनाच्या रांगेत उभा राहून काहीच पाहत नसेल, तर ती त्याला आम्ही कशासाठी शिकवली?

तिसरे प्रकरण दाजीपूरचे. हे रान संस्थानाचे राखीव शिकारक्षेत्र होते. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झाले, १९८५ मध्ये विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य या नावाने ते सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे बनले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. म्हणजे ज्या गव्याला आपण ‘मुक्त’ म्हणतो, तो आज आहे याचे एक कारण त्याच्या पूर्वजांना मारण्याचा हक्क एकाच घराण्याने स्वतःपाशी राखून ठेवला होता, हे आहे. ही विसंगती पचायला कठीण आहे, म्हणूनच ती लिहिण्याजोगी आहे. शेजारचे राधानगरी धरणही त्याच राजवटीचे : भोगावतीवर बंधारा घालून शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलेले, पुढे रखडलेले आणि स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालेले. कोल्हापूरचा ऊस, साखर आणि ज्या राजकारणाला आपण ‘साखरसम्राटांचे’ म्हणतो ते, या पाण्याशी बांधलेले आहे. अभयारण्याच्या परिसरात धनगरवाडे आहेत. त्यांच्या गुरांना रानात मुभा किती, हा त्यांच्या रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे. निसर्गरम्य या शब्दात गुरे बसत नाहीत. धनगर बसला तर फक्त काठी टेकून, घोंगडी पांघरून, चित्रात बसतो.

इथे कळंबोलीचा संबंध येतो. कळंबोलीच्या पोलादबाजारात लोखंड उचलणाऱ्या माथाडी कामगारांत सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे लोक मोठ्या संख्येने आहेत. त्यांची मुले आमच्या वर्गात बसतात. एका विद्यार्थिनीचे आजोळ राधानगरी तालुक्यातले. गव्यांचा कळप रात्री भातात उतरला म्हणजे काय होते, मामा डबे बडवत कसे उठतात, पंचनाम्याला कोण येते आणि कधी येते, हे तिला लहानपणापासून ठाऊक. हे सारे ती बसमध्ये मैत्रिणींना रंगवून सांगत होती. अहवालात तिने लिहिले : ‘गवा हा रुबाबदार प्राणी असून त्याचे पाय पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात.’ वाक्य चुकीचे नाही. पण ते तिचे नाही. आजोळच्या रानात ती पर्यटक म्हणून गेली, कारण मराठी विषयाच्या अहवालात भातातला गवा चालत नाही अशी तिची समजूत झाली होती. डिसेंबर २०२१ मध्ये गवे थेट कोल्हापूर शहराच्या वेशीवर आले आणि एका तरुणाचा जीव गेला. जुलै २०२५ मध्ये नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने गुजरातेतल्या जामनगरच्या केंद्रात नेली गेली, तेव्हा हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत गेले. एका बाजूला प्राण्याच्या हालअपेष्टांचा प्रश्न, दुसऱ्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांचा धर्मव्यवहार आणि गावाची माया. देऊळ आणि वन्यजीवन यांना अहवालाच्या दोन पानांवर वेगळे ठेवणाऱ्यांना त्या मोर्चाचा अर्थ कसा लागणार?

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, सहल ती सहल. तरुण मुलांना दोन दिवस मोकळे हिंडू द्या, प्रत्येक गोष्टीत जातपात आणि सत्ता कशाला शोधता? हा आक्षेप प्रामाणिक असेल तर त्याचा मान ठेवून अहवालच बंद करावा. मुलांनी रंकाळ्यावर भेळ खावी, रात्री तांबडा-पांढरा रस्सा खावा, घरी जावे. आम्हाला आनंदच आहे. पण ‘अभ्यास’ हा शब्द लावून गुण द्यायचे आणि अभ्यासाची वेळ आली की आनंदाची ढाल पुढे करायची, हे चालणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तापूर्ण आहे. हे सारे इतिहास आणि समाजशास्त्र विभागाचे काम. साहित्याचा संबंध सौंदर्यानुभवाशी, असे काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात. त्यांना आम्ही आमच्याच जिल्ह्यातल्या एका प्रवाशाची आठवण करून देऊ. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते सौंदर्यानुभवासाठी नव्हे. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल अशी वार्ता होती. बंडाच्या वणव्यात ते सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, राणीचा दरबार पाहिला आणि त्या शहराची कत्तलही पाहिली. १८८३ मध्ये त्यांनी लिहून काढलेला ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला. त्या पुस्तकात वाडे आहेत, देवळे आहेत, तीर्थे आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी हातात किती पैसा आला आणि तो कसा गेला हेही आहे. एका गरीब भिक्षुकाने आपण प्रवासाला का निघालो हे पहिल्यापासून सांगून टाकले, म्हणून त्याने पाहिलेला राजवाडा आजही खरा वाटतो. सौंदर्य त्या खरेपणातून आले आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’ (१९८२) लिहिले ते नागझिऱ्याच्या वानरांवर, पण नाव ठेवताना रान आणि सिंहासन वेगळे ठेवले नाही. दुर्गाबाई भागवतांच्या ‘पैस’मध्ये नेवाशाचा एक खांब आहे, त्याच्याभोवती केवढा अवकाश उभा राहतो, आणि तिथे ‘जागृत’ हा शब्द कुठेही लागत नाही. साहित्याचे काम कोणते, हे या तिघांनी पुरेसे दाखवले आहे. आपण या पुस्तकांवर सोळा गुणांचे प्रश्न काढतो आणि सहलीला निघताना त्यांना ग्रंथालयात ठेवून जातो.

एक गोष्ट ओघात सांगायला हवी. या त्रिस्थळीच्या साच्याने आणखी एक नुकसान केले आहे. ज्या गावाला राजवाडा नाही त्याला इतिहास नाही, अशी समजूत त्यातून दृढ होते. कळंबोलीत राजवाडा नाही. सिडको १९७० मध्ये स्थापन झाल्यानंतर इथली भातशेते आणि मिठागरे कशी गेली, जानेवारी १९८४ मध्ये जासईला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात कसे मेले, हे आमच्या विद्यार्थ्यांच्या आजोबांनी पाहिले आहे. जवळच कर्नाळा आहे : बारा चौरस किलोमीटरचे पक्षी-अभयारण्य, मधून गोवा महामार्ग गेलेला, वर १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने घेतलेला किल्ला, वाटेत वासुदेव बळवंत फडक्यांचे शिरढोण. तिथे सहल जात नाही, कारण तिथे मुक्काम करावा लागत नाही आणि मुक्कामाविना खर्चाचे पान भरत नाही. असो.

येत्या वर्षी आम्ही काही सहकारी अहवालाचा छापील नमुना वापरणार नाही. ‘स्थळाचे नाव – वैशिष्ट्ये – मिळालेला संदेश’ हे तीन रकाने काढून टाकले आहेत. त्याऐवजी प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची : हौद, काचेमागचे जनावर, दानपेटी, अभयारण्याच्या नाक्यावरची पावती, काहीही. ती तिथे कोणी आणली, तिची निगा कोण राखतो, तिच्यापर्यंत कोणाला जाता येत नाही, हे तिथल्या माणसांना विचारून लिहायचे. घरच्या बोलीत लिहिले तरी चालेल. पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टीला जो शब्द घरी आहे तोच वापरायचा. आपण कोणाच्या पैशाने गेलो, हे पहिल्या ओळीत लिहायचे. इतर महाविद्यालयांतल्या मराठीच्या प्राध्यापकांनी हा नमुना घ्यावा, बदलावा, त्यावर टीका करावी. ज्यांना तो अमान्य आहे त्यांनी आपल्या विभागातले मागच्या पाच वर्षांचे अहवाल आमच्याकडे पाठवावेत. ‘भव्य’, ‘जागृत’ आणि ‘निसर्गरम्य’ हे तीन शब्द नसलेला एखादा निघाला, तर तो आम्ही वर्गात मोठ्याने वाचून दाखवू.